डिसेंबरअखेर तारकर्ली-देवबाग: तारखा, मुक्काम आणि समुद्राची वेळ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून सहा जण, म्हणजे तुम्ही दोघं, सत्तरी ओलांडलेले आई-बाबा, बारा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. २५ ते ३१ डिसेंबर. तीन दिवस तारकर्ली, तीन दिवस गोवा. स्कुबा सगळ्यांना करायचं आहे, आईंना सिंधुदुर्ग किल्ला बघायचा आहे, आणि बुकिंग किती आधी करावं हे विचारलं आहे. मालवण तालुक्यात येणाऱ्या पाहुण्यांच्या राहण्या-फिरण्याची व्यवस्था मी बरीच वर्षं बघतोय, त्या अनुभवावरून सांगतो.

सगळ्यात आधी तारखा. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत आमचा समुद्र जवळजवळ सारखाच असतो. पाऊस नाही, हवा कोरडी, दुपारी तीस-बत्तीस अंश, पहाटे वीसच्या आसपास. म्हणजे २७ डिसेंबरला जे पाणी आणि जे आकाश मिळतं, तेच १० जानेवारीलाही मिळतं. बदलते ती फक्त गर्दी. २४ डिसेंबर ते १ जानेवारी या आठवड्यात खोल्यांचे दर दीडपट-दुप्पट होतात, मालवण ते देवबाग हा अरुंद रस्ता संध्याकाळी तुंबतो, आणि एरवी तुमच्याशी गप्पा मारणारा बोटवाला त्या दिवसांत श्वास घ्यायलाही थांबत नाही. मुलं राज्य मंडळाच्या शाळेत असतील तर नाताळची लांबलचक सुट्टी बहुधा नसतेच. मग तीन-चार दिवस शाळा बुडवायचीच आहे तर ती जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बुडवा. आई-बाबांसोबत येणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगतो, कारण गर्दीचा खरा त्रास म्हाताऱ्या माणसांनाच होतो: रांगेत उभं राहणं, गाडीत ताटकळणं, जेवायला उशीर.

फेब्रुवारीत येणार असाल तर एक काळजी घ्या. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येते आणि तिची तारीख पंचांगात मिळत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. त्या दोन-तीन दिवसांत मुंबईहून येणाऱ्या गाड्या आणि मालवण परिसरातल्या खोल्या दोन्ही भरलेल्या असतात. जत्रेसाठीच यायचं असेल तर जरूर या, पण शांत किनारा हवा असेल तर ती तारीख जाहीर होईपर्यंत थांबून मग ठरवा.

आता तारखा हलवता येत नाहीत असं धरून पुढचं सांगतो.

गोवा वगळा. त्याच आठवड्यात गोव्यात जेवढी गर्दी असते तेवढी वर्षभरात क्वचितच असते, आणि मालवण ते पणजी हे शंभर-एक किलोमीटरचं अंतर त्या दिवसांत अर्धा दिवस खातं. सामान बांधा, खोली सोडा, नवीन ठिकाणी दुपारी दोनला चेक-इन, यात तुमचे दोन दिवस जाणार. सात वर्षांचं मूल आणि सत्तरीतली माणसं बरोबर असताना एकाच अंगणात पाच रात्री राहणं मला कधीही श्रेयस्कर वाटतं. वाचलेल्या दिवसांत काय करायचं ते खाली येईलच.

मुक्काम मालवणात, तारकर्लीत की देवबागला, यावर बरंच अवलंबून आहे. देवबाग म्हणजे एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. सकाळी नदीकडे आणि संध्याकाळी समुद्राकडे बसायचं, असं घर दुसरीकडे मिळणं कठीण. पण त्या पट्टीत जायला-यायला एकच रस्ता, आणि किनारा काही भागात धूप झालेला, दगडी बांध घातलेला, पाण्यात उतरायला तीव्र उताराचा. तारकर्लीचा किनारा रुंद आणि चालायला सोपा. आईंचे गुडघे दुखत असतील तर तारकर्ली घ्या. मालवण गावात राहिलात तर किल्ला, बाजार, बस स्टँड, डॉक्टर सगळं जवळ, आणि चिवला बीचही चालत जाण्याजोगा. माझं मत विचाराल तर तुमच्या कुटुंबाला तारकर्ली योग्य. मालवणपासून सहा-सात किलोमीटर, फार लांबही नाही आणि गजबजाटातही नाही.

खोली बघताना फोटोवर जाऊ नका, फोन करून विचारा. खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, दारापासून वाळूपर्यंत किती पायऱ्या आहेत. प्यायचं पाणी कुठलं, कारण समुद्राला लागून असलेल्या बऱ्याच विहिरींचं पाणी मचूळ असतं. आंघोळीला चालतं, पोटाला नाही. वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का. आणि ३१ तारखेला शेजारी किंवा त्याच आवारात डीजे लागणार आहे का, हे अगदी स्पष्ट विचारा. घरगुती न्याहारी-निवास असेल तर मालक प्रामाणिकपणे सांगतो. आगाऊ रक्कम पाठवताना समोर दिसणारं नाव आणि मालकाचं नाव जुळतं का ते पाहा. हंगामात दुसऱ्याच्या घराचे फोटो लावून पैसे उकळणारे असतात, आणि पाहुणे सामान घेऊन दारात आल्यावरच ते उघडकीला येतं. एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाचं, तारकर्लीतलं निवासस्थान त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच आरक्षित करावं.

बुकिंगचा क्रम लोक उलटा करतात: आधी खोली, मग तिकीट. नाताळच्या आठवड्यात आधी संपतात त्या कोकण रेल्वेच्या जागा. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते एकशे वीस दिवस होतं), त्यामुळे २५ डिसेंबरच्या गाडीसाठी २६ ऑक्टोबरच्या सकाळी आठला बसावं लागेल, आणि ३० डिसेंबरच्या परतीसाठी ३१ ऑक्टोबरला. दिवाळीच्या गडबडीत ही तारीख निसटते, म्हणून कॅलेंडरवर आत्ताच खूण करा. पुण्याहून थेट गाड्या मोजक्या आणि त्याही रोजच्या नाहीत, म्हणून बरेच जण पनवेलहून बसतात. उतरायचं कुडाळला. तिथून मालवण तीस किलोमीटरच्या आत. कणकवलीहून थोडं जास्त पडतं, पण वंदे भारत कणकवलीला थांबते, तेव्हा तोही पर्याय ठेवा. नाताळसाठी विशेष गाड्या सोडल्या जातात. त्यांची घोषणा उशिरा होते, पण प्रतीक्षा यादीत अडकलेल्यांनी तिच्याकडे लक्ष ठेवावं.

विमानाचा विचार असेल तर चिपीचा विमानतळ मालवणला सगळ्यात जवळचा, ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेला. पण तिथली उड्डाणं मधूनमधून बंद-चालू होत आली आहेत, त्यामुळे आधी वेळापत्रक बघा आणि मगच बाकीचं ठरवा. गोव्यातला मोपा जानेवारी २०२३ पासून सुरू आहे आणि तिथे उड्डाणं भरपूर आहेत.

स्वतःच्या गाडीने येणार असाल तर पुणे-कोल्हापूर-राधानगरी-दाजीपूर-फोंडा घाट-कणकवली हा रस्ता धरा. पहाटे पाचला निघालात तर दुपारच्या जेवणाला कोकणात. दाजीपूरचा टप्पा उजेडातच पार करा. ते गव्यांचं जंगल आहे, रात्री गवा रस्त्यात उभा असतो आणि दिव्याच्या झोतातही लवकर दिसत नाही. सुट्टी सुरू होतानाच्या शुक्रवारी संध्याकाळी पुणे सोडणं टाळा. आणि एकदा तारकर्लीत पोचलात की गाडी अंगणात उभी करून ठेवा. जवळच्या फेऱ्यांना रिक्षा घ्या.

आता मुख्य गोष्ट: समुद्राची वेळ. हंगामात लोक खोलीसाठी भांडतात, पण खरी दुर्मीळ वस्तू आहे सकाळचे तीन तास. हिवाळ्यात रात्रभर जमीन गार होते आणि पहाटेपासून जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. त्यामुळे सकाळी सात ते दहा पाणी सपाट असतं. जमीन तापली की अकरा-बाराच्या सुमारास वारा फिरतो, वायव्येकडून खारा वारा सुटतो, लाटा उठतात, बोट हेलकावे खाते, पाणी गढूळ होतं. स्कुबा, डॉल्फिन, किल्ला, सगळं सकाळी करा. दुपारी जेवण आणि झोप. साडेचारनंतर पुन्हा किनाऱ्यावर, कारण त्या दिवसांत सूर्य सहा-सव्वासहालाच मावळतो. सकाळी नऊला उठून, नाश्ता करून, अकराला जेट्टीवर येणारी कुटुंबं दरवर्षी बघतो. रांग, ऊन आणि खवळलेलं पाणी, तिन्ही त्यांच्याच वाट्याला येतं.

याला जोड भरती-ओहोटीची. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला साधारण तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे, पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो, पण दिवसाची आखणी करायला पुरतो. तुमच्या तारखा ठरल्या की भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी जास्त चढतं-उतरतं, प्रवाह जोरात असतो आणि तळाची वाळू ढवळली जाते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे कमी चढ-उताराच्या दिवसांत, पाण्याखाली जास्त स्वच्छ दिसतं. पाच दिवसांच्या मुक्कामात स्कुबा कुठल्या दिवशी ठेवायचं हे यावरून ठरवा. बोटवाल्याला विचारा, तो दोन वाक्यांत सांगेल.

स्कुबाबद्दल सविस्तर, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. मालवणला पर्यटक जे करतात ती पोहणं न येणाऱ्यालाही करता येणारी तोंडओळखीची बुडी असते: किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात, प्रशिक्षकाने सतत धरलेलं. टाकीत दाबून भरलेली साधी हवा असते. अनेकांना तो शुद्ध ऑक्सिजन वाटतो. एकच नियम जन्मभर लक्षात ठेवण्याजोगा: पाण्याखाली श्वास रोखायचा नाही, विशेषतः वर येताना. कान दुखले की लगेच खूण करायची, सहन करत खाली जायचं नाही. अशा बुडीला दहा वर्षांखालची मुलं घेऊ नयेत असा आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्थांचा दंडक आहे, तेव्हा मुलाला नाही. कुणी "चालतंय हो, सात वर्षांचा पण करतो" म्हणालं तर त्या बोटीवर तुम्हीही चढू नका. त्याला लाइफ जॅकेट घालून पाण्याच्या पृष्ठभागावरून स्नॉर्केलिंग करू द्या, मासे तेवढेच दिसतात. मुलगी करू शकेल, तिची स्वतःची इच्छा असेल तरच. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, फिट, गर्भारपण, यांतलं काहीही असेल तर बुडी मारू नये. साधी सर्दी असली तरी एक दिवस पुढे ढकला, नाक चोंदलेलं असताना कान मोकळे होत नाहीत. आई-बाबांना यातून वगळा असंच मी सांगेन. विमानाने परतणार असाल तर एका बुडीनंतर निदान बारा तास, जास्त बुड्या असतील तर अठरा तास गेल्यावरच उड्डाण.

बोट निवडताना स्वस्त-महाग सोडा, तीन गोष्टी बघा. पाण्यात एका पाहुण्यामागे एक प्रशिक्षक आहे का आणि त्याच्याकडे प्रमाणपत्र आहे का. बोटीवर जेवढी माणसं तेवढी जॅकेटं आहेत का आणि ती सगळ्यांनी घातली आहेत का, परतीच्या वाटेवरही. बोटीत ठरल्यापेक्षा जास्त माणसं कोंबली आहेत का. २४ मे २०२२ ला तारकर्लीत स्कुबा करून परतणारी बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोन पर्यटक गेले. त्यानंतरही हंगामाच्या गर्दीत "ऊन लागतंय" म्हणून जॅकेट काढून बसलेले लोक दिसतात, तेव्हा मनापासून वाईट वाटतं. पाण्याखाली नीट शिकायचंच असेल तर तारकर्लीत एमटीडीसीची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे खोल तलावात सराव करून समुद्रात नेतात. हंगामात जागा लवकर भरतात.

पोहण्याबद्दल कडकपणे सांगतो. आमचा किनारा देखणा आहे म्हणून सौम्य आहे असं समजू नका. एप्रिल २०१७ मध्ये वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेले आठ जण बुडाले. कमरेपर्यंतच्या पाण्यापुढे जाऊ नका, ओहोटी लागली असताना तर मुळीच नाही, आणि देवबागच्या संगमावर कधीच नाही: नदीचं पाणी ओहोटीबरोबर समुद्रात खेचत नेतं, चांगला पोहणाराही तिथे टिकत नाही. स्थानिक माणसाने "इथे नको" म्हटलं की वाद न घालता बाहेर या.

किल्ला. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर याची पायाभरणी केली. मालवण जेट्टीवरून बोट दहा-पंधरा मिनिटांत पोचवते आणि साधारण तासाभरात परत आणते. सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एक पकडा. आईंना चढ-उताराचा त्रास असेल तर बोटवाल्याला आधी सांगा, भरतीच्या वेळी बोट धक्क्याला नीट लागते आणि उतरणं सोपं जातं. आत शिवराजेश्वर मंदिर आहे, राजाराम महाराजांच्या काळातलं. महाराजांच्या हाता-पायाचे ठसे आहेत. आणि दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. चारही बाजूंनी खारं पाणी असताना इथे गोडं पाणी लागतं हे मुलांना विहिरीच्या काठावर उभं करून सांगा. सगळी तटबंदी फिरायला जाऊ नका, आईंना मंदिराच्या सावलीत बसू द्या. हा सगळा परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, प्रवाळ किंवा जिवंत शिंपले उचलून आणू नका.

गोव्याऐवजी वाचलेल्या दिवसांत एक सकाळ देवबागहून बोटीने संगम, डॉल्फिन आणि पलीकडचं भोगवे. रस्त्याने भोगव्याला मोठा वळसा पडतो, बोटीने काही मिनिटं. डॉल्फिन दिसतीलच असं नाही. बोट त्यांच्या मागे पळवायला सांगू नका, इंजिन मंद करून थांबलं की तेच वर येतात. पहाटे बोटीवर गारवा असतो, आई-बाबांना शाल द्या. सुनामी बेटावर मुलांना मजा येते, पण ती नदीतली वाळूची पुळण आहे, भरतीला बरीचशी पाण्याखाली जाते. ओहोटीची वेळ बघून जा. जेट-स्की, बनाना राइड हे आवडीप्रमाणे.

एक दिवस समुद्राकडे पाठ करा. धामापूरचा तलाव कुडाळ-मालवण रस्त्यावरच आहे, झाडीने वेढलेला, काठाला भगवतीचं देऊळ. आई-बाबांना तिथे सगळ्यात जास्त बरं वाटेल, असा माझा अंदाज आहे. आणि हा जत्रांचा काळ असतो. त्रिपुरी पौर्णिमेपासून गावोगावच्या देवळांत जत्रा सुरू होतात, पालखी फिरून झाली की उशिरा रात्री दशावतार, म्हणजे इथलं पौराणिक लोकनाट्य, उभा राहतो. तुमच्या मालकाला विचारा, जवळपास कुठल्या गावची जत्रा आहे. दुपारी झोपून घ्या, अंगावर काहीतरी उबदार घ्या आणि पेटीच्या आवाजाच्या दिशेने पुढच्या रांगेत बसा. मुलांना पौराणिक कथा ठाऊक असतील तर ती हलणार नाहीत. तिकीट नाही, आरक्षण नाही, आणि नाताळच्या गर्दीतला एकही माणूस बहुधा तिथे दिसणार नाही.

जेवणाचं घरगुती निवासात आदल्या रात्रीच सांगून ठेवा. सकाळच्या बाजारात जे मिळेल त्यावर ताट ठरतं. सुरमई-पापलेटचा हट्ट धरलात तर हंगामी भाव मोजावा लागेल. ताजा बांगडा, तिसऱ्या, कुर्ल्या खा, चव कमी नाही आणि पैसे निम्मे. मुलांना तिखट नको असेल तर मसाला बेताचा घालायला सांगा, घावणे आणि नारळाचा रस त्यांना आवडतो. मार्गशीर्षातला गुरुवार आला तर बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत, त्या दिवशी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे मागा. किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दिसली तर बाजूला उभं राहून बघा, दोरीला हात लावायचा असेल तर आधी विचारा. सहसा नाही म्हणत नाहीत.

औषधं बरोबर घ्या, विशेषतः आई-बाबांची, दोन दिवस जादा. मालवणला ग्रामीण रुग्णालय आहे, ओरोसला जिल्हा रुग्णालय, आणि त्यापुढचं काही लागलं तर इकडची माणसं गोव्यात बांबोळीला जातात. रोख रक्कम थोडी ठेवा, गर्दीच्या दिवसांत नेटवर्क मंदावतं आणि मोबाइलवरून पैसे जात नाहीत.

हवामान डिसेंबरअखेरीस सहसा दगा देत नाही. तरी कोरडा हंगाम म्हणजे वादळाची हमी नव्हे: ओखी वादळाचा तडाखा या किनाऱ्याला डिसेंबर २०१७ च्या पहिल्या आठवड्यात बसला होता. निघण्याआधी दोन दिवस हवामान खात्याचा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा समुद्राचा अंदाज बघा. बंदर खात्याने बोटी थांबवल्या तर त्या दिवशी बोटीचं नाव काढू नका, धामापूरला जा. आगाऊ रक्कम देताना हवामानामुळे बोट रद्द झाली तर पैसे परत मिळतील का, हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या.

परत निघायचं ते ३० ला सकाळी. ३१ ला दुपारनंतर घाटापर्यंतच्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाड्यांची रांग असते आणि त्यात मद्य घेऊन चालवणारेही असतात. ३१ ची रात्र इथेच काढायची असेल तर १ ला न निघता २ ला पहाटे निघा.